पाट्यावरचा ठिपका

सप्टेंबर २०१९. सकाळी साडेसहाला बाबांचा फोन. आमच्याकडे साडेसहाला फोन म्हणजे कोणीतरी गेलं असाच अर्थ असतो, त्यामुळे मी अंधारात चष्मा शोधत, टेबलाचा कोपरा गुडघ्यावर घेत फोन उचलला तर पलीकडून एकदम उत्साहात, "अगं, जसराजांच्या नावाचा ग्रह निघालाय! पेपरात आलंय. संध्याकाळी येतेस का? दाखव मला."

'दाखव मला' कारण घरात मी आकाशवाली. कॉलेजात असताना दोनेक वर्षं टिळक रोडला टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जायचे, संस्था १९४४ सालची, आणि मी तिथे शिकले काय तर दुर्बिणीला हात न लावता रांगेत कसं उभं राहायचं. पण तेवढ्या भांडवलावर गेली पंचवीस वर्षं ग्रहणं, धूमकेतू, 'आज चंद्र मोठा का दिसतोय' हे सगळं खातं माझ्याकडे. आता त्यात पंडितजी.

आणि बाबांसाठी जसराज म्हणजे साधी गोष्ट नाही हो. रमणबागेतल्या सवाई गंधर्व महोत्सवात सतरंजीवर रात्र रात्र बसलेला माणूस आहे हा. शाल, कानटोपी, थर्मास, आणि शेजारच्याने तिहाईच्या आधीच मान हलवली की त्याच्याकडे बघायची ती एक खास नजर. पंडितजी स्टेजवर येऊन दोन्ही हात वर करून 'जय हो' म्हणाले की बाबाही खालून अर्धवट हात वर करायचे, आणि आम्ही बघतोय हे लक्षात आलं की तो हात तसाच डोकं खाजवायला न्यायचे.

संध्याकाळपर्यंत फॅमिली ग्रुपवर तीन फॉरवर्ड आले होते. एकात 'तारा', एकात 'ग्रह', एकात 'नासाने शोधलेला नवा ग्रह'. खरं तर तो लघुग्रह. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लाखो दगड सूर्याभोवती फिरत असतात, त्यातला एक. ११ नोव्हेंबर २००६ ला अमेरिकेत ॲरिझोनातल्या माउंट लेमनवरून सापडला, म्हणजे नाव मिळेपर्यंत तेरा वर्षं बिननावाचाच फिरत होता. क्रमांक ३००१२८. आणि तिन्ही फॉरवर्डमध्ये हे होतंच की बघा काय योगायोग, पंडितजींची जन्मतारीख २८ जानेवारी १९३०, आणि हा आकडा बरोब्बर त्याच्या उलटा!

बाबांनी चष्मा वर करून फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरला. सगळी नोकरी सरकारी हिशेबात गेलेली. "उलटा कसा? २८०१३० उलटं वाच. ०३१०८२ येतं. हे उलटं नाहीये, हे आधी वर्ष, मग महिना, मग तारीख असं लिहिलंय. ३०, ०१, २८." मी म्हटलं, तेच म्हणायचंय त्यांना. "मग तसं म्हणावं की." आणि त्यांनी खरंच ग्रुपवर तसं टाईप केलं, पूर्णविरामासकट. कोणीही उत्तर दिलं नाही, आतेबहिणीने एक अंगठा टाकला.

पण मला त्या क्रमांकापेक्षा आधीचं तात्पुरतं नाव जास्त आवडतं, २००६ व्हीपी ३२. दिसायला एखाद्या टेम्पोचा नंबर, पण त्यात सगळी कुंडली असते. २००६ हे साल. व्ही म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, कारण वर्षाचे चोवीस पंधरवडे करून प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर दिलंय, आय गाळून, कारण तो एक या आकड्यासारखा दिसतो. मग त्या पंधरवड्यात सापडलेल्यांना क्रमाने अक्षरं, ए पासून झेड पर्यंत, पुन्हा आय गाळून, म्हणजे पंचवीस. पंचवीस संपले की पुन्हा ए, आणि मागे १ लावायचा. ३२ याचा अर्थ अशा ३२ फेऱ्या होऊन गेल्या. ३२ गुणिले २५, ८००. पी पंधरावं अक्षर. म्हणजे त्या एकाच पंधरवड्यातला हा ८१५ वा! मी हे बाबांना वहीत करून दाखवलं तेव्हा ते खूश झाले, त्यांना रजिस्टर आवडतात, कुठेही असोत. "म्हणजे आवक क्रमांक," म्हणाले. "आणि ३००१२८ हा कायमचा."

अगदी तेच. आधी आवक क्रमांक, मग पुढे काही वर्षं पुन्हा पुन्हा बघून कक्षा पक्की झाली की कायमचा नंबर, आणि त्यानंतर, दिलंच कोणी तर, नाव. बहुतेकांना ते मिळतच नाही. नंबर मिळालेले सात लाखांच्या वर आहेत, नावं असलेले पंचवीस हजारांच्या आसपास. बाकीचे जन्मभर आवक-जावक.

इथे आमच्या मेहुण्यांचा विषय निघणार होताच. त्यांनी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला ताईच्या नावाने तारा 'घेतला' होता. ऑनलाइन. पैसे भरले, आठ दिवसांनी जाडजूड कागदावर सोनेरी बॉर्डरचं सर्टिफिकेट, फ्रेमसकट, त्यात ताईचं नाव आणि खाली कसलेसे आकडे. साईटचं नाव सांगत नाही, एकच नाहीये ती, आणि मेहुणेही हे वाचतात. पण बाबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मग ह्यांच्या ताऱ्याचं काय?" आणि मला सांगावं लागलं की ते नाव त्या विकणाऱ्याच्या कॉम्प्युटरबाहेर कुठेच नाही, ताऱ्यांची नावं अशी विकत मिळत नाहीत. मेहुणे म्हणाले, भावना महत्त्वाची. ताई काही बोलली नाही पण पुढच्या वेळी गेले तेव्हा फ्रेम हॉलमधून पॅसेजमध्ये गेलेली होती.

लघुग्रहांचं मात्र खरोखर होतं. ज्याने शोधला त्याला नाव सुचवायचा हक्क, नंबर मिळाल्यापासून दहा वर्षं. ते नाव आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या समितीपुढे जातं. नियम म्हणजे अगदी पुण्याच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डासारखे: रोमन लिपीत सोळा अक्षरांच्या वर नको, शक्यतो एकच शब्द, उच्चारता आलं पाहिजे, जाहिरात नको, राजकारणी किंवा सेनानी असेल तर मरून शंभर वर्षं झाल्याशिवाय नको (हा नियम आपल्या चौकांना लावायला काय हरकत आहे). आणि पाळीव प्राण्यांची नावं शक्यतो नकोत. हे का, तर एका शोधकाने १९७१ मध्ये सापडलेल्या २३०९ नंबरच्या लघुग्रहाला आपल्या मांजराचं नाव दिलं, मिस्टर स्पॉक, आणि मंडळी वैतागली.

तर एकच शब्द हवा म्हणून पंडितजी झाले 'पंडितजसराज'. मध्ये जागा नाही. बारा अक्षरं. बाबांना हे खटकलं, पंडित ही उपाधी आहे, ती नावाला चिकटवायची कशी. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आपण भीमसेनजी म्हणतो तेव्हा चिकटवतोच की." मोझार्ट, बीथोव्हेन, पाव्हारोत्ती आधीपासून त्या पट्ट्यात आहेत, हे ऐकल्यावर मात्र जरा बरं वाटलं त्यांना. "म्हणजे बैठक चांगली आहे."

"बरं, आता दाखव."

आता हे कसं सांगायचं. आकाशातल्या वस्तूची तेजस्विता प्रतीत मोजतात, आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद. डोळ्यांना अगदी काळ्या आकाशात सहाव्या प्रतीपर्यंत दिसतं, पुण्यात गच्चीवरून तिसरी-चौथी दिसली तरी पेढे वाटावेत. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेज बरोबर १०० पट कमी. हे गणित १८५६ मध्ये नॉर्मन पॉगसनने बसवलं, आणि हा पॉगसन पुढे १८६१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेत आला आणि १८९१ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. आल्या आल्या, एप्रिलमध्येच त्याने एक लघुग्रह शोधला, आशिया खंडातून सापडलेला पहिला, म्हणून नावच ठेवलं एशिया. सदुसष्टावा. त्यानंतर मद्रासहून आणखी चार. शेवटचा १८८५ मध्ये, आणि मग भारतातून पुढचा लघुग्रह सापडायला थेट १९८८ उजाडलं, तमिळनाडूतल्या कवलूरहून, त्याला नाव रामानुजन. मधली शंभर वर्षं आपण काय करत होतो असं बाबांनी विचारलं. मी म्हटलं, स्वातंत्र्य वगैरे मिळवत होतो.

तर विसाव्या प्रतीचा एखादा दगड असेल तर तो सहाव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा जवळजवळ चार लाख पट मंद. माउंट लेमनच्या दुर्बिणीचा आरसा दीड मीटरचा. माझ्याकडची दुर्बीण दहा बाय पन्नास, म्हणजे भिंग पाच सेंटीमीटर, तीही तुळशीबागेतल्या पट्ट्याने बांधलेली. मी म्हटलं, "बाबा, तो नाही दिसणार. कधीच नाही." ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्याच्या जातीतला दुसरा कोणी?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला चार वर्षं लागली. मध्ये कोविड आला. १७ ऑगस्ट २०२० ला पंडितजी अमेरिकेत, न्यू जर्सीत गेले. त्या दिवशी सदाशिव पेठेतल्या घरात बाबांनी 'ओम नमो भगवते वासुदेवाय' लावलं आणि फोनवर मला ऐकवत राहिले, बोलले काहीच नाहीत, मीही इकडे मुकाट भांडी घासत ऐकलं, फोन खिडकीत ठेवून. पुढच्या वर्षी आई-बाबा आमच्याकडे धायरीला राहायला आले, सामानात आईचा पाटा-वरवंटा. मिक्सर असताना कशाला म्हणून भांडण झालं, शेवटी तो गच्चीवर गेला, पाण्याच्या टाकीजवळ.

डिसेंबर २०२३ मध्ये व्हेस्टा प्रतियुतीला येत होता. म्हणजे सूर्य, पृथ्वी आणि तो एका रेषेत, आपण मध्ये, त्यामुळे तो रात्रभर वर आणि जास्तीत जास्त तेजस्वी. व्हेस्टा हा पट्ट्यातला सगळ्यात तेजस्वी लघुग्रह, १८०७ मध्ये ओल्बर्सने ब्रेमेनहून शोधला, नाव ठेवायचं काम गणिती गाऊसकडे दिलं. त्या डिसेंबरात प्रत साडेसहाच्या जरा अलीकडे. मृगाच्या चौकोनात काक्षी आहे ना, तांबूस, त्याच्या वर मिथुनेच्या पायांकडे जायचं. दहा बाय पन्नासमध्ये धायरीहून दिसायला हरकत नव्हती, अमावास्येचे दिवस होते.

एका रविवारी अकरा वाजता चटई टाकली. जागा जवळजवळ डोक्यावरच येते, उभ्याने बघितलं तर मान जाते, म्हणून आडवं पडून बघायचं. खाली सिंहगड रोडचा पिवळा उजेड, समोरच्या बिल्डिंगमधला कोणाचा तरी टीव्ही. टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद रबरबँडने गुंडाळलेला, लाल उजेडात डोळे दिपत नाहीत. आणि कागदाला टेकू म्हणून काही सापडेना तर बाबांनी पाटाच ओढून घेतला, त्यावर कालनिर्णयच्या मागच्या महिन्याचं पान उलटं ठेवलं आणि पेन्सिल काढली. पद्धत अशी: दिसतील ते सगळे ठिपके जागच्या जागी काढायचे. नंतर दोन-तीन रात्रींनी पुन्हा. जो ठिपका सरकला तो आपला. तारे सरकत नाहीत, लघुग्रह सरकतो, त्या दिवसांत व्हेस्टा रोज साधारण अर्ध्या चंद्राएवढा.

गंमत म्हणजे आजही हे असंच चालतं. आमचे चिरंजीव तेव्हा नववीत, शाळेतून लघुग्रह शोध मोहिमेत नाव दिलेलं, हवाईतल्या मोठ्या दुर्बिणीने काढलेले एकाच जागेचे चार फोटो येतात, सॉफ्टवेअरमध्ये एकामागून एक लुकलुकवायचे आणि सरकणारा ठिपका शोधायचा. त्याने दोन संध्याकाळी केलं आणि म्हणाला, "आई, हे म्हणजे सीसीटीव्ही बघणं आहे." आजोबा गच्चीवर पेन्सिलने तेच करतायत हे त्याला सांगितलं तर म्हणाला, ॲप आहे की त्याला.

मी माझं चित्र काढलं, अकरा ठिपके. बाबांनी दुर्बीण घेतली, बराच वेळ लावली, "हं, हं" केलं, मग पाट्यावर वाकून काढत बसले. त्यांच्या हाताखाली कागद खडबडीत पाट्यावर, त्यामुळे प्रत्येक ठिपक्याशी छिन्नीचा खळगा लागायचा आणि पेन्सिल आत घुसायची. आईने तो पाटा दर दोन-तीन वर्षांनी टाकी लावून घेतलेला, छिन्नीचे ते टपटप बारीक खळगे अजून तसेच आहेत, मध्यभागी मात्र वाटून वाटून गुळगुळीत, मोहरी-आल्याच्या वासाची एक काळपट चमक.

आणि मला एकदम सुचलं ते मी मोठ्याने बोलले. हा पाटा म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ, बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थंड झालेला लाव्हा. व्हेस्टाचं वरचं कवचही बेसॉल्टच. हा सव्वापाचशे किलोमीटरचा धोंडा कधीकाळी आतून वितळला होता, त्याच्यावरही लाव्हा वाहिला, फक्त आपल्यापेक्षा खूप आधी, साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी. बहुतेक लघुग्रहांना हे भाग्य नाही, ते आपले मातीचे गोळे, खडीचे ढीग. २०११ मध्ये डॉन नावाचं यान तिथे पोचलं, वर्षभर घिरट्या घातल्या, तर दक्षिणेला एक विवर दिसलं, व्हेस्टाच्या जवळजवळ अख्ख्या रुंदीएवढं, पाचशे किलोमीटर, मध्ये वीस-बावीस किलोमीटर उंचीचा डोंगर. एवढा मार बसला तेव्हा जे तुकडे उडाले ते अजून पृथ्वीवर पडतात. इथे पडणाऱ्या दर शंभर अशनींमधले पाच-सहा व्हेस्टाचे असतात. राजस्थानात लोहावटला १९९४ मध्ये पडलेला तसलाच.

"म्हणजे पाट्याचाच दगड," बाबा म्हणाले.

"साधारण."

"तिकडे टाकीवाली जात असेल का," असं आई म्हणाली. ती कधी वर आली ते आम्हाला कळलंच नव्हतं, हातात दोन शाली होत्या.

सिनेमात तो पट्टा दाखवतात ना, दगडांची गर्दी, यान वाकडंतिकडं नेत हिरो वाचतो, तसं तिथे काहीच नसतं. दोन शेजाऱ्यांमध्ये सरासरी दहा लाख किलोमीटर अंतर, म्हणजे आपल्यापासून चंद्र आहे त्याच्या अडीच पट. सगळे लघुग्रह गोळा करून एक लाडू वळला तरी चंद्राच्या शंभरात तीन-चार हिस्से. लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या आदल्या रविवारी जाणाऱ्या माणसाला ती जागा फार आवडेल.

त्याच आठवड्यात सवाईचा पहिला दिवस झाला. आता ते मुकुंदनगरला असतं, रात्र रात्रही नाही, दहाला संपतं आणि बाबा दरवर्षी परतीच्या रिक्षात तेच बोलतात. घरी येऊन चहा न घेता थेट गच्चीवर. पुन्हा चटई, पुन्हा पाटा. माझ्या कागदावरचा सातवा ठिपका सरकला होता! चंद्राच्या दीडपट तरी, पश्चिमेकडे. इतकी वर्षं मी हे वाचत होते, लोकांना सांगत होते, पण स्वतःच्या पेन्सिलीने काढलेला ठिपका स्वतःच्या हाताने खोटा ठरवायची पहिलीच वेळ. मी ओरडलेच. बाबांनी त्यांचा कागद पुढे केला, त्यांचाही तोच ठिपका, तसाच, तेवढाच सरकलेला. दोन्ही कागद त्यांनी सवाईच्या पुस्तिकेत घालून ठेवले, मागे लिहिलं, 'व्हेस्टा. पंडितजींचा भाऊबंद.'

हे इथेच संपलं असतं. पण २०२४ मध्ये बाबांच्या दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढला. आधी उजवा, महिन्याने डावा. पट्टी काढल्यावर पहिलं वाक्य, "ह्या भिंतीला हा रंग कधी दिला?" मग आईच्या साड्या, मग माझे पांढरे केस, एकेकाची वाट लावत त्यांनी अख्खं घर नव्याने बघून घेतलं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, फार पिकला होता, दोन-तीन वर्षं तरी काही बारीक दिसत नसणार यांना.

दोन-तीन वर्षं. मी घरी येऊन ती पुस्तिका काढली. माझ्या चित्रात अकरा ठिपके. त्यांच्याही चित्रात अकरा, अगदी त्याच जागी. सहाव्या ठिपक्यापाशी माझी पेन्सिल घसरून एक शेपूट आलं होतं, त्यांच्याही सहाव्याला शेपूट.

मी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी नव्या डोळ्यांनी नीट बघितला. मग म्हणाले, "तू पाण्याला खाली गेलीस तेव्हा. आता तू इतकं बेसॉल्ट-बेसॉल्ट करत होतीस, मी काय सांगणार होतो, मला नुसतं धुरकट दिसतंय म्हणून?"

"आणि सवाईच्या रात्री?"

"तेव्हाही तूच पाण्याला गेलीस."

२०२५ च्या मे महिन्यात व्हेस्टा पुन्हा आला, २ मे ला प्रतियुती, तूळ राशीत, या वेळी आणखी तेजस्वी. उकाडा प्रचंड, चंद्रकोर लवकर मावळलेली. मी आधी काढलं, नऊ ठिपके, आणि दुर्बीण त्यांच्याकडे दिली. या वेळी माझा कागद मी पाठीखाली दाबून ठेवला, पाणीही आधीच वर आणून ठेवलं होतं. त्यांनी दुर्बीण लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. "इतके होते का गं हे?" मग पाट्यावर वाकले. टोक टोक आवाज येत राहिला, मी मोजत होते, बारा, तेरा, चौदा.

तीन रात्रींनी पुन्हा बसलो. माझा कागद त्यांनी मागून घेतला, टॉर्चखाली दोन्ही शेजारी ठेवले, आणि पेन्सिलीच्या मागच्या बाजूने माझ्या एका ठिपक्यावर टकटक केलं.

"हा तुझा चुकलाय. इथे काहीच नाहीये. जरा डावीकडे आहे तो. खोड."